गोल्फ किट विमानातून न मोडता कसं न्यायचं? पॅकिंग, बॅटरीचे नियम आणि ट्रॅकर

मागच्या रविवारी कर्जतला, दहिवलीच्या आमच्या घराच्या ओटीवर आम्ही तिघं एक गोल्फ किट पॅक करत बसलो होतो. मी, मामा आणि मामाचा मुलगा. तो सोळा वर्षांचा आहे, बेंगळुरूला दोन दिवसांची ज्युनिअर स्पर्धा खेळायला चाललाय आणि त्याच्याकडे एकच सेट आहे. तिथे पोचल्यावर त्यातलं काही मोडलेलं निघालं तर दुसरं आणायचं कुठून, याचं उत्तर आमच्या तिघांकडेही नव्हतं. आणि आधी एकदा मोडलंय. मीच मोडलंय.

ते सांगतोच, पण आधी थोडं. "गोल्फ आणि कर्जत?" असं वाटत असेल तर मामांची गोष्ट ऐका. मामांनी चेंबूरच्या गोल्फ कोर्सवर वीसेक वर्षं कॅडीचं काम केलं. पहाटेची लोकल, कुर्ल्याला उतरून हार्बर, तसंच संध्याकाळी परत. दुसऱ्यांच्या बॅगा खांद्यावर वाहता वाहता स्वतः खेळायला शिकले. मला पहिल्यांदा क्लब कसा धरायचा ते त्यांनीच दाखवलं. आता तर सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आमच्या बाजूलाच म्हणायचं, त्यामुळे भावाचा सराव तिथे होतो. मराठी पोरं यात नाहीत असंही नाही. पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळलाय.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या टूर्नामेंटसाठी मी मामांचा ड्रायव्हर मागून नेला. (ड्रायव्हर म्हणजे सेटमधला सगळ्यात लांब क्लब. प्रिंटरचा ड्रायव्हर इन्स्टॉल करणाऱ्या माझ्यासारख्याला या शब्दाची सवय व्हायला वेळ लागला.) एका मेंबरने निवृत्त होताना त्यांना दिलेला. मी त्याला हेडकव्हर घातलं, बॅगेत उभा ठेवला, वरून चेन लावली आणि चेक-इनला दिला. परत आल्यावर थकलो होतो, बॅग दोन दिवस कोपऱ्यात तशीच पडली. उघडली तेव्हा ड्रायव्हरचं डोकं हेडकव्हरमध्ये होतं आणि दांडा बॅगेत. मामांनी तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डोकं शाबूत आहे ना? मग झालं." पुढे चहा होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. नवीन शाफ्ट, चिकटवणं, मजुरी यात माझी त्या महिन्याची एसआयपी गेली. तोच ड्रायव्हर आता भावाच्या सेटमध्ये आहे.

चला तर मग, तो का मोडला तिथपासून सुरू करू.

क्लब मोडतो कुठे आणि का?

गोल्फच्या नियमांप्रमाणे एका खेळाडूला जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यांची लांबी सारखी नसते. ड्रायव्हर साधारण ४५ इंच, ३-वूड ४३ इंचांच्या आसपास, ७ नंबरचं आयर्न ३७ इंच आणि वेज त्याहून आखूड. म्हणजे बॅगेत सगळे उभे केले की ड्रायव्हर आणि ३-वूड ही दोन डोकी बाकीच्यांच्या वर काढून उभी असतात. रांगेत एकच उंच मुलगा असला की सरांचं लक्ष आधी त्याच्यावर जातं, तसं.

आता बॅग पट्ट्यावरून घसरली किंवा ट्रॉलीतून डोक्याच्या बाजूला पडली असं समजा. १३-१४ किलो वजन खाली येतं आणि जमिनीला आधी टेकतं ते ड्रायव्हरचं डोकं. ड्रायव्हरचं डोकं २०० ग्रॅमच्या आसपास असतं, पण ते दांड्याच्या सरळ रेषेत नसतं, एका बाजूला बाहेर आलेलं असतं. त्यामुळे धक्का सरळ दांड्यातून जात नाही, तो दांडा वाकवतो. सगळा ताण येतो तो दांडा डोक्यात शिरतो त्या मानेपाशी. तिला होझल म्हणतात. माझा तुटला तो बरोबर त्याच्या अर्धा इंच वर.

त्यात ड्रायव्हरचा शाफ्ट बहुतेक वेळा ग्राफाइटचा, म्हणजे कार्बन फायबरचा असतो. वजन ५०-६५ ग्रॅम. स्टीलचा दांडा जास्त ताण आला तर आधी वाकतो, निदान दिसतं तरी. कार्बन फायबर वाकून सांगत नाही. आतल्या आत धागे तुटतात, वरून रंग तसाच राहतो आणि मग एखाद्या शॉटला अचानक दोन तुकडे होतात. म्हणून "बॅग उघडली, सगळं दिसतंय ठीक" एवढ्यावर ग्राफाइटच्या बाबतीत थांबायचं नाही. तपासायचं कसं ते पुढे सांगतो.

आता माझी चूक बघा. हेडकव्हर खरचटण्यापासून वाचवतं, वाकण्यापासून नाही. मी फोनला स्क्रीनगार्ड लावून तो खिशात ठेवून त्यावर बसलो होतो, इतकं सोपं आहे ते.

हातोहात पॅकिंग

पहिली गोष्ट म्हणजे धक्का ड्रायव्हरने खायचाच नाही. त्यासाठी बॅगेत ड्रायव्हरपेक्षा दोन इंच उंच असा एक मजबूत दांडा उभा करायचा. बाजारात याला स्टिफ आर्म म्हणतात. लांबी कमी-जास्त करता येणारी काठी, वर टी आकाराची मूठ. बॅग उलटी पडली की आधी ती टेकते आणि वजन तिच्यातून सरळ बॅगेच्या बुडात जातं. क्लबांच्या वाटेला फक्त हादरा येतो.

आम्ही विकत घेतली नाही. कर्जतच्या हार्डवेअरच्या दुकानातून सव्वा इंची पीव्हीसी पाइप आणला, जाड भिंतीचा. ४८ इंचांवर कापला, वर टी जॉइंट बसवला, खाली एंड कॅप. मामांचं म्हणणं होतं की परसातला बांबू यापेक्षा चांगला, आणि खरं सांगायचं तर उभा दाब सोसायला चांगला वाळलेला बांबू पीव्हीसीपेक्षा वाईट नाहीच. पण बांबूचं टोक बॅगेचं कापड फाडतं, म्हणून पाइप. कापण्याआधी एक करा: तुमचा ड्रायव्हर बॅगेत प्रत्यक्ष उभा करून माप घ्या. बॅगेच्या तळाला उशी असते, प्रत्येक बॅगेत वेगळी, त्यामुळे कागदावरची लांबी कामाची नाही.

दुसरी गोष्ट मोळी. लाकडाची मोळी आवळून बांधतात तसे सगळे क्लब डोक्यांच्या जरा खाली एकत्र आवळायचे, मध्ये टॉवेल गुंडाळून. सुटा क्लब एकटा वाकतो, बांधलेल्यांना एकत्र वाकवायला बरंच बळ लागतं. वेल्क्रोचा पट्टा असेल तर उत्तम, नसेल तर सायकलच्या कॅरिअरचा इलॅस्टिक पट्टा चालतो, फक्त त्याचे हुक कापडात गुंडाळा. सुतळी नको, ती ढिली पडते.

तिसरं, आयर्नची डोकी एकमेकांवर आपटतात त्याचं काय? यासाठी मला सापडलेली सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे एसीच्या कॉपर पाइपवर चढवतात तो काळा फोम. लांब नळीसारखा असतो, एका बाजूने चिरला की दांड्यावर टपकन बसतो. कर्जत-खालापूर भागात आता इतकी फार्महाऊस झालीत की एसीचं काम करणाऱ्या कुठल्याही दुकानात उरलेले तुकडे मिळतात. ग्राफाइटच्या दांड्यांना पूर्ण लांबी, स्टीलच्यांना फक्त वरचा वीतभर. डोक्यांमध्ये मोजे आणि टी-शर्ट कोंबायचे. तसेही न्यायचे असतातच.

ज्यांचा ड्रायव्हर ॲडजस्टेबल आहे त्यांनी सरळ डोकं काढूनच ठेवावं. सोबत मिळणाऱ्या पान्याने तळाचा स्क्रू सोडवायचा, डोकं मोज्यात गुंडाळून बॅगेच्या मधल्या खिशात, दांडा बाकीच्या क्लबांच्या मध्ये. आता तो दांडा सगळ्यात उंच राहत नाही, आणि मानेला वाकवायला मानेवर डोकंच नाही. परत बसवताना पान्याचा टक्-टक् आवाज येईपर्यंत फिरवा, मग थांबा. हा पाना ठरावीक ताणाला, बहुतेक कंपन्यांत ४० इंच-पाउंडांना, म्हणजे साधारण साडेचार न्यूटन-मीटरला सुटतो. दुसऱ्या कुठल्याही पान्याने अंदाजाने आवळू नका. आणि पाना क्लबांसोबतच ठेवा. केबिन बॅगेत ठेवलात तर सिक्युरिटीवाले तो काढून घेण्याची शक्यता आहे, आणि मग बेंगळुरूच्या हॉटेलात तुम्ही आणि बिनडोक्याचा ड्रायव्हर!

मामांचा ड्रायव्हर जुना, चिकटवलेला आहे. त्याचं डोकं निघत नाही. म्हणून तर पाइपचा एवढा खटाटोप.

हार्ड केस घ्यायची की कापडी?

मला विचाराल तर आपल्याकडच्या देशांतर्गत प्रवासाला कापडीच, चाकांची. कारण वजन. हिशोब बघा: १४ क्लब साधारण पावणेसहा किलो, हलकी स्टँड बॅग सव्वादोन, कापडी ट्रॅव्हल कव्हर साडेतीन, बूट पाऊण ते एक. हे झाले साडेबारा. डझनभर बॉल घेतले (एक बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम) तर आणखी अर्धा किलो. देशांतर्गत इकॉनॉमीची चेक-इन मर्यादा बहुतेक ठिकाणी १५ किलो. हार्ड केस घेतली की तिचं वजन आणखी दोन-तीन किलोंनी जास्त, म्हणजे मर्यादा तिथेच संपली आणि कपडे खांद्यावर. परदेशी चाललात, वजनाची मर्यादा मोठी आहे, सेट महाग आहे, तर हार्ड केस घ्या. ती नक्कीच जास्त सुरक्षित आहे.

दुसरी अडचण आकाराची. चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंमी ही बऱ्याच एअरलाइन्सची मर्यादा असते आणि गोल्फ बॅग एकट्या लांबीतच १२५-१३० सेंमी जाते. त्यासाठी क्रीडा साहित्य म्हणून वेगळी नोंद करता येते. ती ॲपमधून आधीच करा. प्रत्येक एअरलाइनचे दर आणि नियम वेगळे आहेत आणि बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी वाचा, नंतर नाही. आणि "एकच पटर आहे, हातात नेतो" हा विचार सोडून द्या. क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक यांच्यासारखाच गोल्फ क्लबही केबिनमध्ये चालत नाही.

बॅटरी: इथेच बहुतेक जण अडकतात

भावाच्या बॅगेचे सगळे खिसे मी रिकामे केले तेव्हा त्यातून निघालं: रेंजफाइंडर, एक ब्लूटूथ स्पीकर, एक पॉवर बँक, अर्धं खाल्लेलं चिक्कीचं पाकीट आणि कुठल्याशा रिमोटचे सेल. पॉवर बँक त्याला आठवतच नव्हती. ती तशीच गेली असती तर एक्स-रेमध्ये बॅग थांबवली असती, त्याच्या नावाची घोषणा झाली असती आणि विमान सुटेपर्यंत बॅग मोकळी झाली नसती तर क्लब खालीच राहिले असते.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये कधीच नाहीत, फक्त केबिनमध्ये. कारण लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये ते कुणाला तरी दिसतं आणि विझवता येतं, खाली सामानाच्या कप्प्यात नाही. केबिनमध्येही १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी न मागता चालतं, १०० ते १६० साठी एअरलाइनची मंजुरी लागते, त्यावर नाही.

पॉवर बँकेवर मात्र एमएएच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, वॅट-अवर बारीक. रूपांतर असं: एमएएच गुणिले ३.७, भागिले १०००. म्हणजे १०,००० ची पॉवर बँक ३७ वॅट-अवर, २०,००० ची ७४, आणि २७,००० ची ९९.९, अगदी काठावर. ५ व्होल्टने गुणू नका. बाहेर यूएसबीमधून ५ व्होल्ट येतात, पण आतल्या सेलचा व्होल्टेज ३.७ असतो आणि क्षमता त्यावरच मोजलेली असते. छापील आकडा पुसला गेला असेल तर ती पॉवर बँक घरीच ठेवा, कारण काउंटरवर तुम्ही गणित सांगून उपयोग नाही, त्यांना छापलेलं लागतं.

रेंजफाइंडरमध्ये बहुधा सीआर२ हा ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो. उपकरणात बसवलेला सेल चेक-इनमध्ये नेता येतो, उपकरण पूर्ण बंद असेल तर. पण मी रेंजफाइंडर केबिनमध्येच ठेवतो. आत लेझर आणि भिंगं आहेत, धक्क्याने त्यांची रेष हलली की १५० यार्डांच्या झेंड्याऐवजी तुम्ही मागचं झाड मोजत बसाल. जास्तीचा सेल नेत असाल तर त्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. नाण्यांसोबत खिशात सुटा ठेवू नका.

ट्रॅकर टाकावा का? हो, पण तो काय करतो ते समजून

सगळ्यात मोठा गैरसमज: "एअरटॅगमध्ये जीपीएस असतं." नाही. एअरटॅगला स्वतःला तो कुठे आहे हे कळतच नाही. तो फक्त ब्लूटूथवरून सतत एक छोटासा संकेत सोडत असतो. जवळून कुणाचाही आयफोन गेला की तो फोन हा संकेत ऐकतो, स्वतःचं लोकेशन त्याला जोडतो आणि एन्क्रिप्ट करून ॲपलच्या सर्व्हरकडे पाठवतो. त्या फोनच्या मालकाला याचा पत्ताही नसतो. तुमच्या ॲपमध्ये दिसतं ते त्या अनोळखी फोनचं लोकेशन. म्हणून सीआर२०३२ च्या एका बटण सेलवर तो वर्षभर चालतो. जीपीएस आणि सिमकार्ड असतं तर सेल फार तर काही दिवस टिकला असता.

अँड्रॉइडचंही तसंच जाळं आहे. गुगलने ते २०२४ मध्ये सुरू केलं, २०२५ मध्ये त्याचं नाव फाइंड हब झालं. एअरटॅग अँड्रॉइड फोनवरून वापरता येत नाही, हे घेण्याआधी लक्षात असू द्या. अँड्रॉइडवाल्यांसाठी फाइंड हबला चालणारा टॅग घ्यायचा, उदाहरणार्थ जिओटॅग गो किंवा मोटो टॅग. सॅमसंगचा स्मार्टटॅग फक्त गॅलेक्सी फोनांना चालतो.

आता गंमत. आम्ही भावाच्या किटमध्ये टॅग टाकून आधी तीन दिवस घरी तपासला. खारघरला किट असताना लोकेशन मिनिटा-मिनिटाला ताजं. दहिवलीला आलं की "तीन तासांपूर्वी दिसला." टॅग बिघडलेला नव्हता. जाळं म्हणजे आजूबाजूचे फोन, आणि आमच्या गल्लीत दुपारी असतात किती फोन? शिवाय गुगलच्या जाळ्यात फोनची मूळ सेटिंग "फक्त गर्दीच्या ठिकाणी" अशी असते. म्हणजे एका जागी अनेक फोनांनी टॅग ऐकला तरच लोकेशन कळवलं जातं, एकट्यादुकट्या फोनवरून नाही. हे लोकांच्या खासगीपणासाठी मुद्दाम केलंय. विमानतळावर फोनांची कमतरता नसते, त्यामुळे तिथे टॅग चांगला चालतो. पण सामान वाट चुकून एखाद्या सुनसान गोदामात गेलं तर नकाशावर जुनंच ठिकाण दिसत राहील, घाबरू नका.

बॅटरीचं काय? टॅगमधला सेल इतका लहान असतो (मर्यादा ०.३ ग्रॅम लिथियम, बटण सेलमध्ये त्याहून बराच कमी) की तो चेक-इन बॅगेत चालतो.

एक चूक मी करणार होतो. टॅग माझ्या फोनला जोडून भावाच्या बॅगेत टाकणार होतो. तसं केलं की मालकापासून लांब, दुसऱ्याच माणसासोबत फिरणारा टॅग म्हणून भावाच्या फोनवर "अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत आहे" अशी सूचना येत राहते, आणि टॅग मधूनच वाजू लागतो. पाठलाग करणाऱ्यांना आळा म्हणून हे केलंय आणि ते बरोबरच आहे. उपाय सोपा: टॅग त्याच्या फोनला जोडला आणि त्याने माझ्याशी शेअर केला. आयफोनवरही आयओएस १७ पासून एक एअरटॅग आणखी पाच जणांशी शेअर करता येतो. आणि आयओएस १८.२ पासून हरवलेल्या वस्तूच्या लोकेशनची लिंक बनवून एअरलाइनला देता येते, ती सात दिवसांनी आपोआप बंद होते.

टॅग कुठे ठेवायचा? वरच्या कापडी खिशात. आयर्नच्या डोक्यांच्या मधोमध किंवा चांदीच्या रंगाच्या थर्मल कप्प्यात नको, धातू संकेत अडवतो.

फोटो काढा, पण व्हॉट्सॲपवर तसेच पाठवू नका

पॅक करण्याआधी सगळे क्लब सतरंजीवर ओळीने मांडून एक फोटो, मग प्रत्येक डोक्याचा आणि मानेचा जवळून. काही क्लबांच्या मानेवर बारीक सिरीयल नंबर कोरलेला असतो, तो वाचता येईल असा घ्या. बॅग बंद केल्यावर बाहेरून एक, वजनकाट्यावर एक. तक्रार करायची वेळ आली तर "आधी ठीक होतं" हे दाखवायला एवढंच हातात असतं.

हे फोटो घरच्या ग्रुपवर साधे फोटो म्हणून टाकलेत तर व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं आणि फोटो कधी, कुठे काढला ही माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा मूळ फोटो क्लाउडवर ठेवा.

विमानतळापर्यंत: गाडी, लोकल आणि आपला पाऊस

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाल्यामुळे आमच्या बाजूच्यांची मोठी सोय झाली. कर्जतहून चौक, पनवेल की आलंच. गाडीत किट आडवं ठेवा, डोकी सीटच्या बाजूला नाही तर मोकळ्या बाजूला, आणि वर कुठलीही बॅग टाकू नका. एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हात लावून किट डिकीत विसरू नका. बंद गाडी भट्टीसारखी तापते, डोकं दांड्याला चिकटवणाऱ्या एपॉक्सीची पकड वारंवारच्या उष्णतेने कमी होत जाते आणि ग्रिपखालची टेप सरकते. लोकलने जायचं तर गर्दीची वेळ टाळून लगेजचा डबा, किट उभं, डोकी वर, आणि हात बॅगेवर. मामा वीस वर्षं तसेच गेले.

पावसाळ्यात कर्जत-खोपोलीचा पाऊस कुणाला सांगायला नको. ओलं किट चेन लावून दोन दिवस बंद ठेवलं की स्टीलवर गंज, ग्रिपला बुरशी. आधी ग्रिप आणि दांडे कोरड्या फडक्याने पुसा, रात्रभर पंख्याखाली ठेवा, मगच पॅक करा. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या साठवून ठेवा, पण एका पुडीने अख्खी बॅग कोरडी होईल अशी अपेक्षा नको. त्या उरलेल्या दमटपणासाठी आहेत, पाण्यासाठी नाहीत.

काउंटरवर आणि उतरल्यावर

सगळे लोंबते पट्टे आत कोंबा. पट्ट्यावर अडकून बॅगा फाटतात त्या यामुळेच. बॅगेच्या आत आणि बाहेर नाव व फोन नंबर लिहा, घरचा पत्ता बाहेर नको. काउंटरवर "हे मोठ्या आकाराचं सामान आहे, वेगळ्या पट्ट्यावर देऊ का?" असं स्वतःहून विचारा. उतरल्यावरही गोल्फ बॅग नेहमीच्या फिरत्या पट्ट्यावर न येता बाजूच्या मोठ्या सामानाच्या दारातून येऊ शकते. भाऊ तिथे वाट बघत चुकीच्या जागी उभा राहू नये म्हणून हे त्याला दोनदा सांगितलं.

आणि बॅग मिळाली की तिथेच, बाहेर पडण्याआधी उघडायची. माझी खरी चूक हीच होती. दोन दिवसांनी फोन केला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, "विमानतळावर रिपोर्ट केला होता का?" नव्हता. विषय तिथेच संपला. नुकसान दिसलं तर सामानाच्या काउंटरवर पीआयआर नावाचा अहवाल भरून घ्यायचा आणि त्याची प्रत, बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग या सगळ्याचे फोटो काढायचे. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा मिळालेल्याची २१ दिवसांत करावी लागते, आणि एअरलाइनची जबाबदारी प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत, म्हणजे साधारण दोन हजार डॉलरपर्यंत असते. देशांतर्गत प्रवासात ही मर्यादा २०,००० रुपये आहे. एका चांगल्या नव्या ड्रायव्हरची किंमत त्याहून जास्त असू शकते, त्यामुळे महाग सेटचा वेगळा विमा काढणं वाया जात नाही.

ग्राफाइटचा दांडा तपासायला कापसाचा बोळा घ्या. वरपासून खालपर्यंत हलकेच फिरवा. चीर असेल तिथे कापसाचे धागे अडकतात. मानेजवळ नख फिरवून बघा, मग डोकं एका हातात आणि दांडा दुसऱ्या हातात धरून अगदी हलका पीळ द्या. कटकट असा आवाज आला तर तो क्लब त्या दिवशी खेळायचा नाही, कितीही जवळची स्पर्धा असो. तुटलेलं डोकं उडून समोरच्याला लागू शकतं.

बुधवारी दुपारी भावाचा मेसेज आला. सतरंजी नव्हती म्हणून हॉटेलच्या पलंगावर १४ क्लब ओळीने मांडलेले, शेजारी पाइप आणि कापसाचा बोळा. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला होता. मामांनी तो मोठा करून ड्रायव्हरच्या मानेपाशी नेला, बराच वेळ बघितला आणि मला विचारलं, "त्या पाइपला अजून दोन इंच चाललं असतं का रे?"